विषाचं वजन

भोईरसाहेबांना कुणी जेवायला बोलावलं आणि ताटात तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, आल्या, की पहिली तिसरी त्यांच्या तोंडात जात नसे, खिशातल्या बाटलीत जात असे. झाकण लावून ते वर चिठ्ठी डकवत: कुणाचं घर, कुठली खाडी, कुठला वार. यजमानीण वाढायला समोरच उभी असायची. "वहिनी, गैरसमज नको, फक्त नमुना," असं ते म्हणत, आणि वहिनींचा व्हायचा तो गैरसमज होऊन गेलेला असे. बाकीच्या तिसऱ्यांनाही ते हात लावत नसत.

भिवंडीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो. ते दुसऱ्या मजल्यावर एकटे, मी तळाला, शाळेत मराठी शिकवणारा. मागेच कापडाचे लूम धडधडत असल्यामुळे आम्ही सगळे घरातही ओरडून बोलायचो. भोईरसाहेब तेवढे हळू बोलत, म्हणून लोकांना वाटे की हा माणूस काहीतरी लपवतोय. साल ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल. बर्फाचा डबा घेऊन ते रोज मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जात. एकदा एसटीच्या कंडक्टरनं वैतागून त्या डब्याचं अर्धं तिकीट फाडलं, तर साहेबांनी डब्याला खिडकीजवळ बसवलं.

मासे-शिंपल्यांत कधीकधी समुद्राचंच विष उतरतं, ते शोधणं हे त्यांचं काम. तेव्हा त्यासाठी उंदराला टोचून बघत. साहेबांना ते पटत नसे. "उंदीर मेला, एवढंच कळतं मास्तर. कशानं मेला, ते उंदीर सांगत नाही."

नव्वद साल उलटल्यावर प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं आणि घरात सून यावी तसे साहेब खुलले. जिन्यात गाठून समजावू लागले, "या विषाला वास नाही, चव नाही. कितीही उकळा, मरत नाही. पण त्याला वजन आहे. यंत्र त्याच्या एकेका रेणूला वीज लावून उडवतं, तोलतं आणि कागदावर रेघ काढतं. रेघ तीनशेच्या आकड्यावर उठली की समजायचं, आले महाराज."

शेजारचे लूमवाले रफीकभाई म्हणाले, "साब, वजन तो हमारा मच्छीवाला भी करता है."

"तो काटा मारता है. मेरा यंत्र नहीं मारता," साहेब शांतपणे म्हणाले.

एकदा मी वर्तमानपत्रातली बातमी मोठ्यानं वाचत होतो. जेवणातून कुणी कुणाला विष घातलं होतं. साहेब जिन्यात थांबले.

"मास्तर, व्याकरण सांगा. 'विष घातलं' म्हटलं, की घालणारा लागतो ना?"

"लागतोच."

"आणि 'विष होतं' म्हटलं तर?"

"तर कुणी लागत नाही."

ते पायरीवरच बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरचं बोलले. खाडीकाठच्या काल्हेर गावी आईमागे त्यांना आणि थोरल्या नामाला काकीनं वाढवलं. एका दुपारी तिनं तिसऱ्यांचं कालवण केलं. दोघं भाऊ जेवले. तिच्या वाट्याला उरलंच नाही. तासाभरात नामाचे ओठ बधिर झाले, मग जीभ, मग श्वास. गाव म्हणालं, एका टोपातलं दोघं जेवले, एक गेला, एक राहिला, म्हणजे काकीनं एकाच ताटात घातलं. तेव्हापासून तिच्या हातचं पाणीही कुणी घेत नाही.

"तुम्हाला काहीच कसं झालं नाही?" मी विचारलं. साहेबांनी डबा उचलला आणि वर निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात काल्हेरच्याच खाडीतल्या तिसऱ्यांनी तीनशेवर रेघ काढली. साहेबांनी तीनदा तोलून खात्री केली आणि मला म्हणाले, "चला माझ्याबरोबर. तुम्हाला नीट सांगता येईल."

काकी ओटीवर सुकट निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढची, ताठ. साहेबांनी कागद पुढे धरला.

"कनचा कागद रं ह्यो? मना वाचता न्हाय येत."

मी मास्तरी आवाजात सांगितलं, की विष खाडीतनंच येतं, कुणी घालावं लागत नाही. त्या दिवशीही तेच होतं का, हे मात्र कागदाला सांगता येणार नाही. काकीनं मान डोलावली.

"मी न्हाय घातला ते मना ठावं हाय."

"पण गावाला कळू दे," साहेब म्हणाले. "सगळ्यांसमोर वाचतो मी."

"मंग इचारतील, तू कसा वाचलास."

साहेबांनी कागदाची घडी केली. मग त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला. "काकी, मना नको होत्या त्या तिसऱ्या. मी माझ्या सगळ्या रश्शासकट नामाच्या ताटात टाकल्या. तुझी पाठ होती तवा."

ही एक गोष्ट तेव्हाच सांगितली असती, तर एक राहिला कसा, हे गावाला कळलं असतं आणि ही बाई सुटली असती. इतकी वर्षं हा माणूस यंत्राकडून वदवून घ्यायला निघाला होता.

काकी सुकटीतला कचरा बाजूला काढत राहिली.

"मी बगितला व्हता, दामू."

"मग सांगितलं का नाहीस गावाला?"

"सांगितला असता, तर तू परत कंदी जेवला असतास का रं?"