सासूबाईंचं बिडाचं पातेलं

शेगडी बंद आहे असं समजून ऑर्टविनने सासूबाईंच्या बिडाच्या पातेल्यात प्लास्टिकची चाळण ठेवली आणि फुटबॉल बघायला बसला. वास आला तेव्हा चाळणीचा हिरवा लगदा झाला होता. घासून, खरवडून, शिव्या देऊन झालं, पण तो तळाला धरून बसला.

पातेलं सासूबाईंच्या आईचं. रविवारी सासूबाई, म्हणजे अनेग्रेटबाई, जेवायला यायच्या होत्या, आणि त्यातच मांस शिजायला हवं होतं.

नशिबाने ऑर्टविनचा धंदाच असल्या लगद्याचा होता. कारखान्यांतून आलेले प्लास्टिकने माखलेले साचे तो भट्टीत ठेवी, पंपाने आतली हवा काढून घेई आणि भट्टी तापवी. प्लास्टिक वितळून गळे, उरलेल्याची वाफ होऊन जाई, आणि हवाच नसल्याने काही पेटत नसे.

"हे कुठल्या कारखान्याचं?" सोबतच्या नेवझातने विचारलं.

"सासूचं."

"मग नीट ठेव बाबा."

शनिवारी भट्टी उघडली. लगदा गेला होता. झाकणाची प्लास्टिकची मूठही गेली होती आणि वर्षानुवर्षांचा काळा थरही. पातेलं राखाडी, कोरं करकरीत. नेवझातने झाकणाला मुठीच्या जागी एक जाडजूड नट बसवून दिला.

रविवारी अनेग्रेटबाईंनी पातेल्याकडे पाहिलं आणि काटा खाली ठेवला.

"हे माझं नाही."

ऑर्टविनने चाळणीपासून भट्टीपर्यंत सगळं कबूल केलं.

"आई, कारखान्याच्या भट्टीत पातेलं कोण घालतं?" बायको बिर्गिट म्हणाली. "फोडलंय यानं. नवीन आणलंय."

"नवीन असतं तर नट कशाला असता?" ऑर्टविन कळवळून म्हणाला आणि पुरावा म्हणून त्याने रिकामं पातेलं उपडं केलं.

तळावर छिन्नीने कोरलेली अक्षरं होती. आजवर काजळीखाली ती कुणाला दिसली नव्हती. बिर्गिटने वाचलं, "वेसलिंग."

वेसलिंग म्हणजे शेजारचं घर. बिर्गिटच्या आजीने आपलं पातेलं नेलं आणि परत दिलं नाही असं ते लोक गावभर सांगत, आणि त्यांना खोटारडे म्हणत अनेग्रेटबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या.

त्यांनी उठून खिडकीचा पडदा ओढला.

"ऑर्टविन," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तो काळा थर परत चढवता येतो का रे?"

"येतो की. चरबी लावून पुन्हा पुन्हा तापवायचं."

"मग बसू नको. लाग कामाला."