एस्टोनियातला बांध

निगडी प्राधिकरणातल्या विरंगुळा केंद्रात सुरेंद्र महिन्याच्या पहिल्या रविवारी परदेशी सिनेमा दाखवत. चाकणच्या कंपनीत क्वालिटीत तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्तीनंतर सगळी चिकाटी त्यांनी या क्लबात ओतली होती. एकेकाळी ऐंशी माणसं यायची. मग प्रत्येकाच्या हातातच सिनेमा आला आणि उरली नऊ. शेवटी कमिटीनं कळवलं, की या खेपेला पंचवीस जण जमले नाहीत तर रविवारची संध्याकाळ झुंबाच्या वर्गाला दिली जाईल.

सुरेंद्रांनी एस्टोनियाचा सिनेमा मागवला. "अख्ख्या देशाची वस्ती आपल्या पिंपरी-चिंचवडपेक्षा कमी, तरी सिनेमे काढतात. आपल्याला पंचवीस माणसं मिळू नयेत?"

"मी आणते," उरलेल्या नवांतल्या पद्मजाताई म्हणाल्या. "साबुदाणा वडा आहे एवढंच सांगते. सिनेमाचं बोलत नाही."

चोवीस जमले. पंचविसावे म्हणून पद्मजाताईंनी मैत्रिणीच्या वडिलांना, मारुतरावांना, दिघीहून रिक्षात घालून आणलं.

पडद्यावर एक म्हातारा समुद्राकाठी बसला. अकरा मिनिटं बसला. दुसरा म्हातारा आला, दोन वाक्यं बोलून गेला. खाली इंग्रजी अक्षरं यायची होती, ती आली फिनिश भाषेत. सुरेंद्रांनी रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. एकजण चपला शोधू लागला.

तेवढ्यात मारुतराव शांतपणे म्हणाले, "भाऊभाऊ हायती. थोरल्यानं बांध कोरलाय."

चपला शोधणारा थांबला. "कशावरून?"

"आला, बोलला, पर नजर न्हाई दिली. आन् धाकला बसलाय हद्दीवर. उठला की गेली जमीन."

तो माणूस परत बसला. रडत आलेली बाई बहीण ठरली. तिनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. टोपीवाला पोस्टमन तलाठी निघाला. वडे गार झाले, कुणी उठलं नाही.

लोकाग्रहास्तव पुढच्या रविवारी पुन्हा खेळ लावावा लागला. एकशे चाळीस माणसं आली. डावीकडे थोरल्याची बाजू बसली, उजवीकडे धाकट्याची. दोघं तर स्वतःचा सातबारा घेऊन आले होते.

सिनेमा पाठवणाऱ्या एस्टोनियातल्या संस्थेला प्रेक्षकांचा अभिप्राय कळवायची अट होती. रिपोर्टात खोटं लिहिणं सुरेंद्रांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बांधासकट सगळं लिहिलं आणि आता ही मंडळी संतापणार म्हणून आठवडाभर नीट जेवले नाहीत.

उत्तर आलं तेव्हा ते तडक दिघीला गेले आणि मारुतरावांना मराठी करून वाचून दाखवलं.

"'आमच्या देशात हा सिनेमा एकवीस जणांनी पाहिला. म्हातारा तिथं का बसतो, हे कुणालाच कळलं नाही. दिग्दर्शकांनाही नक्की सांगता येत नव्हतं. तुमचं पत्र वाचल्यापासून ते दुसरा भाग लिहीत आहेत. थोरल्यानं नेमकी किती जमीन दाबली, तेवढं कृपया कळवावं.'"

मारुतरावांनी बोटांवर हिशेब केला.

"सा गुंठं लिवा," ते म्हणाले. "पर त्येंना म्हणावं, आदी सरकारी मोजणी आना. निस्तं आमच्या बोलण्यावर जाऊ नगा."