बबनमामांचा सातवा होल

डिंगोऱ्यात भल्या सकाळी कुणी म्हातारा लांबलचक बांबू घेऊन गवताला हलक्या हाताने झोडपताना दिसला, तर घाबरू नका. ते माझे बबनमामा. गवतावरचं दव झाडताहेत.

"त्याला ऊन आहे की," असं मी एकदा म्हणालो. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की याला मंचरच्या शाळेत मास्तर कुणी केलं, ही शंका त्यांच्या डोळ्यांत सरळ वाचता आली.

"भाचेबुवा, ऊन त्याच्या टायमानं येतं. क्लब थांबत न्हाई."

मामा-मामींची उभी हयात शहरातल्या एका साहेबी काळच्या गोल्फ क्लबात गेली. मामा मैदान राखायचे, मामी बायकांच्या रांगेत अनवाणी फिरून तण वेचायच्या. निवृत्त माणसं गावी येताना भिंतीवरचं घड्याळ आणतात. मामांनी डोक्यात घालून अख्खा सातवा होल आणला, म्हणजे चेंडू मारायच्या जागेपासून झेंड्याच्या खड्ड्यापर्यंतचा सगळा पट्टा. घरामागचा पडीक उतार बघून म्हणाले, "ह्यो तर आपला सातवाच!" जिथे उंचवटा कमी पडला, तिथे पाटीपाटीने माती वाहिली.

त्या क्लबात पूर्वी हिरवळ जगवायला पाणी पुरत नसे. म्हणून झेंड्याभोवती बारीक वाळूचा गोल करून त्यात काळं ऑइल मुरवत. त्याला म्हणायचं 'ब्राऊन'. त्यापायी मामांनी पंचक्रोशीतल्या ट्रॅक्टरवाल्यांना जेरीस आणलं. मामा लांबून दिसले, की लोक आधीच ओरडायचे, "आजून ऑइल बदललं न्हाई, राव!" गोल तयार झाला, मधोमध झेंडा लागला आणि कुठलं तरी दैवत बसवलं असं समजून दोन म्हाताऱ्यांनी तिथे नारळ फोडला. मामांनी खोबरं खाल्लं, पण शेंदूर लावू दिला नाही.

मीही चेष्टा करून घेतली. पण एकदा मामांनी मला उताराच्या घराकडच्या टोकाला उभं केलं. जमीन उजवीकडे हळूच कलत गेली होती, मध्ये टेकाड आडवं आलं होतं, आणि त्याच्यामागे नेमका हटकेश्वराचा डोंगर.

"क्लब आखताना जुन्या साहेबानं बुलडोझर न्हाई लावला," मामा हळू आवाजात म्हणाले, देवळात बोलावं तसं. "काठी घिऊन नुसता चालला. जमीन कुटं वळती ते बघितलं, आन तितंच वळला. जमीन मोडायची न्हाई, राव. तिच्यासंगं वळायचं."

माझ्या अंगावर खरंच काटा आला. कुण्या काळी कुण्या परक्याने पायांनी शोधलेली वाट, आणि ती माझ्या आठवी नापास मामांना पाठ!

टेकाडापलीकडे, झेंड्याशेजारच्या खांबाला त्यांनी बैलाच्या गळ्यातली घंटा टांगली होती.

"टेकाडामुळं झेंडा दिसत न्हाई ना. पुडची मानसं बाजूला झाली की घंटा वाजवायची. मागच्यानं समजायचं, वाट मोकळी हाय."

"पण मामा, इथे खेळतंय कोण?"

मामांकडे ना काठी, ना चेंडू. त्यांना एकदम बांबू आत ठेवायची आठवण झाली.

त्यांच्या सुनीलला मात्र त्या उतारावर द्राक्षबाग करायची होती. रान सपाट करायला त्याने जेसीबी ठरवला. "आबा, झेंड्याला काय घड लागनार हायेत का?" मामांचं एकच उत्तर, "उतार मोडायचा न्हाई." का, तर "हेरिटेज हाय!" बापलेकांत अबोला धरला गेला. मामांना चार शब्द सांगायला सुनीलने मला बोलावलं.

पोचलो तेव्हा ऊन यायचं होतं. जेसीबी बांधाला उभा. मामांचा पत्ता नाही. ओसरीवर मामी. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेलेली. घरात भिंत धरून चालायच्या, बोलणंही तुटक झालेलं. पायांचे तळवे तेवढे काळेकुट्ट. मला वाटलं, चुलीची काजळी.

एवढ्यात टेकाडामागून घंटा वाजली.

मामींनी पदर खोचला आणि ओसरी उतरल्या. सुनील धावणार, तेवढ्यात त्याच्या बायकोने त्याला अडवलं. "ऱ्हाऊ द्या. रोज जात्यात त्या. तुमी डेअरीवर असता तवा."

मामी निघाल्या. हातात काठी नाही, कुणाचा हात नाही. जमीन कलली तिथे त्या कलल्या, वळली तिथे वळल्या. टेकाड आलं, तर पायाने चाचपलंसुद्धा नाही, सरळ चढल्या. घरात उंबऱ्याला अडखळणारी ही बाई इथे तरण्या बाईसारखी झपझप चालली होती. माझे डोळे भरून आले, आणि मास्तर असून ते मला लपवता आले नाहीत.

आम्ही मागोमाग गेलो. मामा घंटेची दोरी धरून उभे होते. त्यांनी हात पुढे केला नाही. तळव्याखाली ती ऑइलची काळी वाळू लागली तशा मामी आपल्याआपण थांबल्या.

"आज बांबू नीट फिरवला न्हाई तुमी. पाय भिजलं माजं."

"जेसीबीच्या नादात ऱ्हायलं," मामा पुटपुटले. "उद्या बघ."

बांधावरून जेसीबीवाल्याने हाक दिली, "भाऊ, करू का चालू?"

सुनीलने हातानेच नको म्हणून सांगितलं. मग गवतात पडलेला बांबू उचलला आणि आईच्या परतीच्या वाटेवरचं दव झाडू लागला.

"हलक्या हातानं," मामा मागून ओरडले. "गवत मोडायचं न्हाई, राव!"