कंडक्टरबाईंचा दुसरा भाग

कंडक्टरबाई कुणाचंही मत आहे तसं घेत नाहीत. आधी विचारतात, "बसला कुठं? उतरला कुठं?"

समजा, शेजारचे गुरुजी म्हणाले, चंद्रपूरला एक डॉक्टर आहे, गुडघ्यासाठी फार चांगला. बाई लगेच, "तुम्ही स्वतः गेलते का जी?" नाही, साडू गेला होता. "किती वेळा?" एकदाच. "बरा झाला का मंग?" म्हणजे, औषध चालू आहे. "मंग या मताचं तिकीट मारेगावपर्यंतचंच हाय. पुढचं कायले सांगता?" गुरुजी अर्धा चहा तसाच ठेवून उठतात.

बावीस वर्षं त्या एसटीत कंडक्टर होत्या, वणी डेपोला. नाव शकुंतला, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. एखादी बाई मोठं पोरगं मांडीवर घेऊन 'अजून पाच पूर्ण नाही' म्हणाली, की या पोराच्या गालाला हात लावून विचारायच्या, "बेटा, दोनाचा पाढा येते का?" पोरगं फुशारकीनं दहापर्यंत म्हणून दाखवायचं आणि आईला गुपचूप हाफ तिकीट घ्यावं लागायचं. माणसांची नावं त्या लक्षात ठेवत नाहीत, स्टॉप लक्षात ठेवतात. त्यांच्या घरात समोरच्या खोलीत एक नर्सिंग शिकणारी मुलगी राहते, ती 'फुलसावंगी'. मी 'कोल्हापूर'. खरं तर मी आजऱ्याकडचा; पण बाई म्हणाल्या, "आजरा म्या पाह्यलं नाही. कोल्हापूर ऐकून तरी हाय."

नववीतून शाळा सोडून मी वेल्डिंग शिकलो आणि फिरत फिरत वणीला आलो. इथं कोळशाच्या ट्रकांच्या बॉड्या रोज फाटतात, त्यामुळे काम भरपूर. खोली मात्र मिळेना. एकटा माणूस, परका, हात काळे. सात घरांतून नकार घेऊन मी यांच्या फाटकाशी उभा राहिलो. यांनी आधार कार्ड बघितलंच नाही. "हात दाखव," म्हणाल्या. ठिणग्यांचे डाग बघितले, एकावर नखही घासून पाहिलं. "हे खरं हाय. आण सामान." एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

खोली दिली म्हणजे संशय गेला, असं नाही. रोज सकाळी त्या माझ्या कुलपाला हात लावून बघतात. माझ्या भाजीचा वास घेऊन विचारतात, "आज दोघांचं जेवण काहून?" मी सांगतो, काकू, उद्याच्या डब्याचं पण आहे. "उद्या पाहू," म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी खरंच माझा डबा उघडून बघतात.

तर अशा बाईंना व्हिडिओ गेमचा नाद लागला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी एका जागी बसावं म्हणून भाच्यानं टीव्हीला गेमचा कॉम्प्युटर जोडून दिला. तलवारी, जादूगार, राक्षस, पडके किल्ले असला गेम. भाच्याला वाटलं, आठ दिवस टिकेल. बाईंनी दीड वर्षात पहिला भाग संपवला आणि शेवटचा राक्षस पडल्यावर म्हणाल्या, "एवढ्या लवकर मरते? मले शंका हाय." मेलेल्या राक्षसाच्या आणखी दोन प्रदक्षिणा घातल्या.

गेममध्येही त्या ड्युटीवरच असतात. गावातली म्हातारी रडत म्हणाली, माझी बकरी जंगलात हरवली, शोधून आणा. दुसरा कुणीही धावत जाईल. बाई आधी म्हातारीच्या घरामागं जाऊन येतात. "दावं नाही, लेंड्या नाहीत. बकरी होतीच कुठं?" आणि म्हातारीला तशीच रडत ठेवून पुढं जातात. खजिन्याची पेटी दिसली की उघडायच्या आधी तिला तलवारीचे तीन घाव घालतात. एकदा एका पेटीला खरोखर दात फुटले होते. तेव्हापासून आम्ही कुणी त्यांना काही बोलत नाही.

मग दुसरा भाग आला. भाचा फोनवर म्हणाला, आत्या, भारी आहे, सगळे तेच म्हणतात. बाईंनी फोन ठेवला आणि मला हाक मारली, "अबे कोल्हापूर! हे सगळे म्हणजे कोण कोण, ते वाचून सांग."

जिथं गेम विकत मिळतो, तिथं खाली खेळणाऱ्यांची मतं असतात. इंग्रजी मला जेमतेम. मी मोबाइलचा कॅमेरा धरतो, तो मराठी करून देतो. त्या पानावर एक गोष्ट मात्र बाईंच्या मनासारखी निघाली. प्रत्येक मताच्या डोक्यावर तो माणूस किती तास खेळला ते छापलेलं असतं. बाई खुर्चीत सरळ बसल्या. "म्हणजे तिकीट दाखवूनच बोलावं लागते! हे बेस हाय."

मी वाचायला लागलो. दोन तास: जगात असा गेम झाला नाही. "दोन तासांत तर गेममधल्या आपल्या माणसाचे नाकडोळे निवडून होत नाहीत. उतरव त्याले." चारशे तास: एकदम भंगार, कुणी घेऊ नका. बाईंनी भुवया वर केल्या. "चारशे तास भंगारात बसला? मधी उतरला काहून नाही? याले पुसलं पाहिजे." सहा जणांनी एकाच दिवशी लिहिलं होतं, चित्रं सुंदर, संगीत सुंदर. "हे एकाच घरचे हायेत." मग एक मत आलं, नव्वद तासांचं: पहिल्या भागातला माझा घोडा यात नाही, मी तीन गावांत शोधला. बाई म्हणाल्या, "हा खरं बोलून राह्यला. घ्या गेम."

असं घोड्याच्या शिफारशीवर दुसरा भाग घरात आला. सुट्टीच्या दिवशी दुपारी कूलरसमोर बाई, बाजूला मी. अडलं की मतं वाचायची, पुढं जायचं.

त्यात एक तिरंदाज भेटतो. तुटलेल्या पुलावर एकटाच उभा असतो, म्हणतो, मी दक्षिणेकडून आलो, मला सोबत घ्या. बाईंनी त्याचं नाव 'पूलवाला' ठेवलं आणि तीन रविवार त्याला पुलावरच उभा ठेवला. दर रविवारी जायच्या, तेच प्रश्न विचारायच्या, उत्तर बदलतं का बघायच्या. बदललं नाही. चौथ्या रविवारी घेतला सोबत. म्हणाल्या, "तुयासारखाच हाय हा. दुरून आला, बोलत नाही, कामाले पक्का." मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी सायंकाळी वर्कशॉपच्या मालकालाही सांगून टाकलं.

आणि पुढच्याच रविवारी ते मत समोर आलं. एकशे ऐंशी तासांचं, म्हणजे बाईंच्या हिशोबानं पक्कं तिकीट. त्यानं लिहिलं होतं: पुलावरच्या तिरंदाजावर विश्वास ठेवू नका. बर्फाच्या किल्ल्याच्या दारात तो तुम्हाला सोडून जातो. जे दिलं असेल ते सगळं घेऊन जातो. आधीच त्याच्याकडून काढून घ्या, नाहीतर नदीवरच मारून टाका. खाली बाकीच्यांनी तेच लिहिलेलं, शिव्यांसकट.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "संगीत चांगलं आहे म्हणतोय."

का म्हणालो? त्या मागच्याच रविवारी म्हणाल्या होत्या ना, तुयासारखाच. उद्या तो दगाबाज निघाला तर बाईंची नजर आधी टीव्हीकडं जाणार आणि मग माझ्याकडं. सात घरांचे नकार मला तोंडपाठ होते. बाईंनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बरं."

त्या 'बरं'नं माझी झोप उडवली. पुढचे पंधरा दिवस त्या कुलपाला हात लावायला आल्या की मला वाटायचं, आज सांगणार, खोली खाली कर. कुठलं दार बंद झालं तरी दचकायचो. शेवटी मी दोन शर्ट सोडून सगळं बॅगेत भरूनच ठेवलं.

संशय असा संसर्गासारखा असतो, मलाही लागला. टीव्हीच्या कोपऱ्यात बाईंचे तास दिसत होते: दोनशे बारा. लोक किल्ल्यापर्यंत पन्नास-साठ तासांत पोचतात. आम्ही तर फक्त रविवारी खेळतो. मग हे दोनशे कुणाचे? माझ्यामागं कोण येऊन खेळतंय?

एका बुधवारी वर्कशॉपची लाइट गेली, म्हणून मी जेवायला घरी आलो. बाईंचं दार अर्धं उघडं होतं. टीव्ही चालू होता. गेममध्ये शेकोटी पेटलेली आणि तिच्याजवळ पूलवाला बसला होता, धनुष्याची दोरी ओढून बघत. गेममध्ये काहीच चाललं नव्हतं. बाई त्याच्याकडं तोंड करून ताटात भाकर मोडत होत्या. मधेच म्हणाल्या, "आज मीठ कमी झालं." मी चप्पल हातात घेतली आणि आवाज न करता परत फिरलो.

मग तो रविवार आला. समोर बर्फाचा किल्ला, दार अजून लांब. बाईंनी गाडी थांबवल्यासारखा गेम थांबवला आणि सामानाची पिशवी उघडली. लोकरीचा अंगरखा पूलवाल्याला दिला. चांगले बाण दिले. मग कातडी जोडे, जे मिळवायला आम्ही महिनाभर एका गुहेत मार खाल्ला होता, ते काढले.

माझ्यानं राहवलं नाही. "काकू, नका ओ देऊ. तो जातोय सोडून. दारातच जातोय. मी वाचलं होतं, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

बाईंनी जोडे त्याला घातले आणि मगच मान वळवली. "माहीत हाय मले."

"कसं काय?"

"बावीस वर्षं कंडक्टर होती मी. एकाच माणसाले पुसून तिकीट फाडते का? तू वाचून गेला का फुलसावंगी येऊन तेच पान वाचते. पहिल्या दिवसापासून."

मी विचारलं, "मग मला काढलं का नाही?"

"तू त्याच्यासाठी खोटं बोलला. गरीब माणूस वाचवला. म्हणून सोडलं."

इथं गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण त्या बाईंसमोर फुकटात बसून राहणं मला जमेना. म्हणालो, "त्याच्यासाठी नाही, काकू. माझ्यासाठीच बोललो. तुम्ही म्हणाला, तो माझ्यासारखा आहे. मला वाटलं, खोली जाईल."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "हे खरं हाय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बॅग भरून ठेवली तुनं, ते बी दिसलं मले. इस्त्रीचे कपडे हायेत, चुरगळून जातीन. काढून ठेव आज."

मी मान हलवली.

थोड्या वेळानं मी विचारलं, "पण जाणाऱ्याला एवढं सगळं का देताय?"

"सगळेच जातेत, बापा. गाडी डेपोत लागे तवा आतमधी मी अन् डायव्हर, बस. कोणी मारेगावले उतरते, कोणी त्याच्या आधीच. उतरणार हाय म्हणून काय माणसाले चढूच द्यायचं नाही?"

त्यांनी गेम सुरू केला. किल्ल्याच्या दारात पूलवाला थांबला. खाली इंग्रजी ओळ आली, तिच्यावर मी मोबाइल धरला. तो म्हणत होता, माफ करा, माझा रस्ता इथून वेगळा आहे. स्क्रीनवर एक बटण लुकलुकायला लागलं. ते दाबलं की बाण सुटतो आणि तो पडतो, दिलेलं सगळं परत मिळतं. बाईंनी रिमोट मांडीवर उलटा ठेवला. तो बर्फातून चालत गेला, लहान लहान होत गेला, आणि बटण विझलं. कूलरचा आवाज तेवढा येत राहिला.

"ते मताचं पान काढ," बाई म्हणाल्या. "आपलं बी लिहू. मी सांगते तसंच लिही, तुयं कोल्हापूर मधी घालू नको."

मी पान काढलं. त्यांनी थांबत थांबत सांगितलं आणि मी एकेक अक्षर टाइप केलं:

'पूलवाला जाते. त्याले मारू नका. जोडे चांगले द्या, पुढं बर्फ हाय.'