बोकडाची अंघोळ

एका जंगलात त्या दिवशी भादव्याचं ऊन चांगलंच चटकत होतं. पाऊस उघडला होता, ओढा निवळला होता. रानबा अस्वल आपला बोकड परत आणायला निघालं होतं.

अस्वल शेळ्या कसं पाळेल, असं मध्येच विचारू नका, बाळांनो. रानबा पाळायचा.

मागच्या साली त्याच्या शेळ्या फाल्गुनात गाभण गेल्या आणि ऐन श्रावणाच्या झडीत व्यायल्या. करडं गारठून गेली. एकही हाती लागलं नाही. रानबानं कितीतरी दिवस मधाला तोंड लावलं नाही.

यंदा त्यानं ठरवलं, भादव्यातच सगळ्या शेळ्या एकदम माजावर आणायच्या. म्हणजे करडं माघाच्या उन्हात येतील. त्यासाठी बोकड आधी लांब ठेवायचा. दर्शन नाही, वास नाही. मग अचानक समोर उभा करायचा, की त्याच्या वासानं शेळ्या माजावर येऊन शेपट्या हलवू लागतात.

म्हणून बोकड ओढ्यापलीकडच्या शेजारणीकडे, चंद्राक्का साळिंदरीकडे ठेवला होता. ती जंगलाच्या स्वच्छता समितीची अध्यक्ष.

रानबा पोचला आणि बघतच राहिला. बोकड पांढराशुभ्र, दाढी विंचरलेली.

"अक्का, हे काय हो?"

"रोज रिठ्यानं घासला, भावजी! आला तेव्हा काय घाण मारत होता. पोरं जेवेनात माझी."

रानबानं बोकड कळपात सोडला. शेळ्यांनी एकदा वर बघितलं. कुणी पाव्हणा असेल, असं समजून त्या पुन्हा बाभळीच्या शेंगा खाऊ लागल्या.

हा हंगाम हुकला, तर पुन्हा फाल्गुन, पुन्हा ती झड.

पण बोकडाला त्याचं काम शिकवावं लागत नाही. त्यानं मान वाकवली आणि आपल्याच मुतानं आपली दाढी भिजवली. रोज भिजवली. वास पुन्हा धरू लागला, तशी चंद्राक्का रिठे घेऊन धावली. रानबा फाटकात आडवा झाला.

"समितीला कळवीन हं!"

"खुशाल कळवा अक्का. पण माघात."

मग एका सकाळी वारा फिरला. शेळ्यांनी नाकं वर केली, शेपट्या हलल्या, आणि बोकडाला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही.

माघात वाडा करडांनी भरून गेला. चंद्राक्का नाकाला पदर लावून बघायला आली आणि तासभर हललीच नाही.

तात्पर्य : स्वच्छतेचे फायदे पुष्कळ आहेत, पण घर भरावंसं वाटत असेल, तर अंघोळ बेतानंच करावी. रानबाचं लग्न अजून जमलं नव्हतं. त्याला चंद्राक्का म्हणाली, "तरीच भावजी! रोज मेलं ओढ्यात डुंबत बसता. होळीपर्यंत पाण्याला शिवू नका, मी मुलगी बघते."