पाणमांजराने निवडलेलं माशाचं तेल

एका जंगलात नदी होती आणि नदीत मासे होते. मुलांनो, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण गोष्टीतल्या शहाण्या मंडळींच्या ते शेवटपर्यंत लक्षात आलं नाही.

नदीकाठच्या एका कपारीत तुळाजी नावाचं पाणमांजर आणि त्याची बायको येसू राहत होती. पाणमांजरं बुडी मारून मासे पकडतात. तुळाजीलाही ते चांगलं जमायचं. पण त्यात त्याला मान वाटत नसे. मासे काय, कुणीही पकडतं! त्याला विचार करायला आवडायचं. पाठ घासायला दगड हवा असला, तरी तो चार दगड उचलून बघायचा आणि पाचवा बघायचा राहिला म्हणून हळहळायचा.

त्या वर्षी थंडीत येसू आजारी पडली. चार पावलं चालली की धाप लागायची. सांधे असे आखडले की बुडी मारणंच बंद झालं.

कासवअण्णा जंगलाचे वैद्य होते. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "अशक्तपणा आहे. हिला रोज एक तेलकट मासा खाऊ घाल. वाम मिळाली तर उत्तम. महिना-दोन महिन्यांत हिंडूफिरू लागेल."

"रोज एक म्हणजे किती?" तुळाजीने विचारलं.

"एक म्हणजे एक."

"पण त्यात तेल किती? एक वाम लहान असते, एक मोठी असते. माशावर कुठे छापलेलं असतं का?"

"नसतं बाबा," कासवअण्णा म्हणाले. "मासा अडाणी असतो."

तुळाजीला हा उपचार फारच गावठी वाटला. तेवढ्यात त्याला आठवलं, की जंगलाच्या बाजारात हल्ली माशाच्या तेलाच्या गोळ्या मिळतात. बाटलीत भरलेल्या, सोनेरी, आणि बाटलीवर सगळं छापलेलं.

"येसू, काळजी करू नकोस," तो म्हणाला. "तुझ्यासाठी जंगलातलं सगळ्यात चांगलं तेल आणतो."

"आज एक मासा आणलात तरी चालेल," येसू म्हणाली.

पण तुळाजी तोवर बाजाराच्या वाटेला लागला होता.

बाजारात माशाच्या तेलाची तीन दुकानं होती. पहिलं माकडाचं. त्याच्या बाटलीवर टरबुजाएवढ्या अक्षरांत 'एक हजार' असं लिहिलं होतं. तुळाजी हुशार, त्याने बाटली फिरवली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हजारातलं कामाचं तेल तीनशे, आणि तेही दोन गोळ्या मिळून.

"मग बाकीचं काय आहे?" तुळाजीने विचारलं.

"बाकीचंसुद्धा तेलच आहे," माकड म्हणालं. "फक्त ते काम करत नाही. आपल्याकडे तरी सगळे कुठे काम करतात?"

तुळाजीने एक गोळी फोडून हुंगली. वर लिंबाचा वास होता, आणि लिंबाखाली गेल्या उन्हाळ्यातला मासा होता.

दुसरं दुकान कोल्ह्याचं. त्याच्या एका गोळीत कामाचं तेल सहाशे होतं, पण बाटली अंगठ्याएवढी आणि किंमत हत्तीएवढी. तिसरं दुकान बगळ्याचं. तो तेलाबद्दल बोलतच नसे. तो शुद्धतेबद्दल बोलायचा. त्याच्या बाटलीवर 'तपासलेलं' असा शिक्का होता.

"कुणी तपासलं?"

"निःपक्षपाती समितीने," बगळा डोळे मिटून म्हणाला. समितीत त्याचे दोन मेव्हणे होते. पण ते दोघे एकमेकांशी बोलत नसत, तेव्हा निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायचं कारण नव्हतं.

तुळाजीला आयुष्यात पहिल्यांदाच इतका आनंद झाला. त्याने नदीकाठच्या मोठ्या खडकावर रकाने आखले. एका गोळीत तेल किती, त्यातलं कामाचं किती, दिवसाला गोळ्या किती, एका गोळीला कवड्या किती, वास कसा, ढेकर कशी. ढेकरेचा रकाना त्याने स्वतः गोळ्या खाऊन भरला.

पाणी प्यायला येणारे प्राणी खडकापाशी थांबू लागले. "तुळाजीराव, माझ्या गुडघ्याला कोणतं?" "तुळाजीराव, कोल्ह्याचं जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" कालपर्यंत ज्याला सगळे 'ए मासेवाल्या' म्हणायचे, त्याला आज रानरेडासुद्धा 'राव' म्हणत होता.

एके दुपारी येसू भिंतीला धरत धरत कपारीच्या तोंडाशी आली. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. ओठ पांढरे पडले होते.

"अहो," तिने हाक मारली. "श्वास पुरत नाही हो मला."

"आलोच," तुळाजी म्हणाला. "शेवटचा रकाना आहे."

येसू तिथेच खाली बसली. आपण आता मरणार, असं तिला वाटलं. तिला मरणाची फारशी भीती वाटली नाही. पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघत मरावं लागणार, याचं मात्र फार वाईट वाटलं.

शेजारच्या बाभळीवर शेवंताकाकू राहायची. जातीने खंड्या पक्षी, म्हणजे धंदा तोच, मासे पकडायचा. तिने वरून हे पाहिलं. पाण्यात सूर मारला आणि एक मासा आणून येसूसमोर टाकला.

"खा."

"काकू, तुमच्या पिल्लांचा..."

"पिल्लं उडून गेली गं. खा म्हणते ना!"

वाम काही तिच्या चोचीत मावणारी नव्हती. ती बोटभर मासे आणी, आणि येसूचं पोट भरायला दिवसाकाठी दहा-बारा खेपा करी. रोज. तिचा कुठे रकाना नव्हता, त्यामुळे या खेपांची नोंद कुणी ठेवली नाही.

महिन्याने येसूच्या अंगात बळ आलं. दीड महिन्याने ती पाण्यात उतरली. दोन महिन्यांनी तिने स्वतः वाम पकडली आणि अर्धी काकूला दिली.

चौथ्या महिन्यात तुळाजीचा निकाल लागला. बगळ्याचं तेल पहिलं आलं. बगळ्याने त्याला एक बाटली भेट दिली, आणि आता येसूला पहिली गोळी देणार म्हणून अर्धं जंगल वाजतगाजत त्याच्यामागे निघालं. तुळाजी धावतच पुढे आला. बघतो तर येसू नदीत पोहत होती.

"अगं, तू पाण्यात?"

"बरी झाले मी. केव्हाच."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, थांब, वास घेतोय."

तुळाजी मटकन खाली बसला. त्याच्या मिशा खाली आल्या. "आता लोकांना काय सांगू?" तो हळूच म्हणाला.

येसूने चार महिने मनात बरंच साठवून ठेवलं होतं. सगळं पाठ होतं. पण समोर बाटली छातीशी धरून बसलेला नवरा दिसला, आणि तिला राग यायच्या ऐवजी कीव आली. बायकांचं हे असंच होतं, मुलांनो, आणि त्याचे परिणाम पुढे सगळ्या जंगलाला भोगावे लागतात.

गर्दी जवळ आली. येसू पाण्याबाहेर आली, अंग झटकलं आणि भिंतीला टेकून बसली. "द्या इकडे," ती म्हणाली. तुळाजीने गोळी दिली. तिने ती सगळ्यांसमोर गिळली.

"आता चालून दाखवा!" माकड ओरडलं.

येसू चालली.

"पळून दाखवा!"

येसू पळाली, आणि पळत जाऊन नदीत बुडी मारून वाम घेऊन वर आली.

जंगल थक्क झालं. घोटभर पाणी प्यायच्या वेळात गुण! रानरेड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी शेवंताकाकू चोचीत मासा घेऊन येत होती. तिला एका सांबराने अडवलं. "बाई, बाजूला व्हा. इथे शास्त्राचं काम चाललंय."

दुसऱ्या दिवशी बगळ्याचं दुकान रिकामं झालं. तिसऱ्या दिवशी माकड आणि कोल्हा आपल्या बाटल्यांवर बगळ्याचा शिक्का मारू लागले. कासवअण्णांकडे कुणी फिरकेना, तेव्हा त्यांनीही फळीवर बाटल्या मांडल्या. तुळाजी आरोग्य सल्लागार झाला. तो रोज सकाळी गोळी घेतो आणि येसूने आणलेले दोन मासे खातो. गोळीमुळे भूक चांगली लागते, असं तो सभेत सांगतो.

येसू आणि शेवंताकाकू पहाटे नदीच्या वरच्या वळणावर भेटतात. तिथे कुणी येत नाही, आणि मासे भरपूर असतात.

तात्पर्य : मासा गुपचूप खावा आणि गोळी चारचौघांत गिळावी. त्याने प्रकृती सुधारते आणि नवराही.