उलटं विचारणारे वळवी सर

आमच्या जवाहर नगरच्या इमारतीत वळवी सरांना दुखणं सांगायची सोय नाही. मी एकदा सांगून पाहिलं.

"सर, गुडघे फार दुखतात हो."

"ते असू द्या. तुम्हाला जमतं काय?"

मी बँकेतली बाई, विचारात पडले. "भाकऱ्या थापता येतात."

"म्हणजे दंड भक्कम आहेत. तिथून सुरू करू."

पुढच्या रविवारी मी गच्चीवर खुर्चीत बसून पाण्याच्या बाटल्या वर-खाली करत होते. शेजारच्या शर्माजींना फक्त बोलणं जमतं. सरांनी त्यांना चालता चालता बोलायला लावलं. आता ते ऐकायला कुणाला तरी धरून बागेत नेतात, आणि ऐकणाऱ्यांचीही पोटं उतरलीत.

सर सातपुड्यातले, अक्कलकुव्याकडचे. इथे जयपुरात व्यायामशास्त्रात संशोधन करतात, एकटेच राहतात. नावाआधी 'डॉक्टर' लावत नाहीत, पण "मी भिल्ल" हे लिफ्टमध्ये भेटलेल्यालाही सांगतात. 'मागास', 'दुर्बळ' असलं कुणी म्हटलं की त्यांचा चहा गार होतो. "आदिवासी आजारी का पडतात, हे सगळेच शोधतात. इतकं सोसून ते टिकले कशाने, ते कोण बघणार?"

बांसवाड्याकडच्या एका भिल्ल वस्तीत रक्तदाब वाढलेल्या बायकांसाठी कुणीतरी व्यायामाची यंत्रं पाठवली होती. त्यांवर गोधड्या वाळत होत्या. सर तिथे गेले आणि म्हणाले, "तुम्ही खूश असता तेव्हा काय करता?" बायका म्हणाल्या, नाचतो. झालं, ढोलवाला ठरला. रोज संध्याकाळी अख्खी वस्ती फेर धरू लागली. फरक पडला की नाही हे कशावरून मोजायचं, तेही बायकांनीच ठरवलं.

परवा जयपुरात त्या कामावर सभा होती. सरांनी मलाही नेलं. एका बड्या साहेबांनी सुरुवातीलाच विचारलं, "इन लोगों में कमी क्या है, वो बताइए."

"कमी की फाइलें आपके पास बहुत हैं, साहब," सर शांतपणे म्हणाले. "आज दूसरी बात सुनिए." वस्तीतल्या कालीबाईंच्या हातात माईक देऊन ते मागच्या रांगेत जाऊन बसले.

कालीबाई आधी अडखळल्या, मग रंगल्या. कितीजणींचा रक्तदाब उतरला ते सांगितलं. पलीकडच्या गावांनी शिकवायला बोलावलंय, हे सांगताना त्यांनी पदर खोचला. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माझी मान उगाचच ताठ झाली. मागे वळून पाहिलं तर सर डोळे पुसत होते.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "सर, काम तुमचं. दोन शब्द तुम्हीही बोलायचे."



"मी लहान असताना आमच्या पाड्यावर डॉक्टर आले होते," ते म्हणाले. "आजाराचा नमुना म्हणून आईला सगळ्यांसमोर उभं केलं. काठीने दाखवत होते, हे बघा हात, हे बघा पाय. तिला नावसुद्धा कुणी विचारलं नाही."

"आता कुठे असतात आई?"

"गेली." रिक्षा सिग्नलला थांबली. सर बाहेर बघत म्हणाले, "रमीला नाव होतं तिचं."